उन्हाला परतीची वाट ठेव

पोरी, हिंदूरावजवळ घर घेतल्याचं सांगायला फोन केलास आणि त्याच दमात विचारलंस, "मामा, मागच्या पडवीला काचा लावून उन्हात बसायची खोली करायची आहे. तुम्ही जन्मभर हेच काम केलंत, मी काय काय सांभाळू?" फोनवर सांगून भागण्यासारखं ते नाही. अर्धं तू विसरशील, अर्धं मी. म्हणून लिहून पाठवतोय. हा कागद मिस्त्रीला दाखवू नकोस, आधी तू वाच.

तुझ्या स्टॉपवर बस आली की कंडक्टर "हिंदूराव, हिंदूराव" अशी हाळी देतो. ते नाव आपल्या कागलच्या घाटग्यांचं आहे, हे दिल्लीतल्या मराठी माणसालाही बहुधा सांगावं लागतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ ते. दिल्लीच्या रिज टेकडीच्या माथ्यावरचं घर त्यांनी बांधलेलं नव्हतं. विल्यम फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ते १८३० च्या सुमाराला बांधलं, १८३५ मध्ये त्याचा खून झाला, आणि मग ते हिंदूरावांनी घेतलं. १८५७ च्या वेढ्यात तोफगोळ्यांनी त्याची चाळण झाली. पुढं तिथं रुग्णालय आलं, पण नाव राहिलं ते हिंदूरावांचंच. तूही दुसऱ्यानं बांधलेलं घर घेतलं आहेस. असं घर पैसे मोजून ताब्यात येतं, पण ऊन कुठून येतं, पाणी कुठं जातं, कोणती भिंत किती भार सोसते हे कळल्याशिवाय ते आपलं होत नाही.

माझं सगळं सांगणं एका वाक्यात बसतं: जे जे आत घेशील, त्याची बाहेर जायची वाट आधी आख. ऊन घेशील, तर उष्णता बाहेर कशी जाईल? छप्पर घालशील, तर पाणी कुठं उतरेल? खोली बंद करशील, तर आतल्या माणसांचा श्वास, दमटपणा, धूर कुठून निघेल? खालचं सगळं या एकाच गोष्टीचा विस्तार आहे.

पहिला कानमंत्र: आधी ऊन मोज

काचेची मापं घ्यायच्या आधी उन्हाची मापं घे. एक खडू घे, एक सरळ काठी घे. पडवीच्या फरशीवर काठी ओळंब्यात उभी कर. दुपारी तिची सावली सगळ्यांत आखूड होईल, त्या क्षणी ती खऱ्या उत्तरेकडं बोट दाखवते. मोबाईलमधल्या होकायंत्रावर जुन्या घरात विसंबू नकोस, छतातल्या लोखंडी गर्डरनं ते भरकटतं. आणि घड्याळात बारा वाजण्याचीही वाट बघू नकोस. आपलं घड्याळ चालतं ते दिल्लीच्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखावृत्तावर, त्यामुळं दिल्लीत सूर्य माथ्यावर येतो तो थंडीत सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान.

मग ऊन जिथपर्यंत आत आलं असेल तिथं रेघ मार आणि शेजारी तारीख लिही. २२ डिसेंबर, २१ मार्च, २१ जून, या तीन तारखा चुकवू नकोस. दिल्लीत २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून फक्त ३८ अंश वर असतो. मार्चच्या समदिनी तो ६१ अंशांवर जातो आणि २१ जूनला ८५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. थंडीतलं ऊन तिरपं, खिडकीतून आत शिरणारं. उन्हाळ्यातलं ऊन सरळ खाली कोसळणारं. हा फरक समजला की निम्मी खोली तुझ्या डोळ्यांसमोर उभी राहील.

समोरच्या इमारतीकडंही बघ. आपल्या भागात जुनी बैठी घरं पाडून चार-चार मजले उभे राहिलेत. डिसेंबरच्या दुपारी ४० फूट उंच इमारतीची सावली ५० फूट लांब पडते. तुझ्या पडवीच्या दक्षिणेला तशी इमारत असेल, तर काचेवर लाखभर घालूनही ऊन मिळायचं नाही. मग खालचा बेत सोड आणि बरसातीचा, म्हणजे गच्चीवरच्या खोलीचा, विचार कर. हे सगळं पैसे घालायच्या आधीच खडू सांगतो.

दुसरा: ऊन समोरून घे, डोक्यावरून नको

मासिकांत काचेच्या छपराच्या खोल्या दिसतात. त्या थंड मुलखातल्या आहेत. आपल्या देशातही लेहला घरोघरी दक्षिणेला काचेची खोली काढतात, तिला तिकडं शेलखांग म्हणतात. तिथं ती शोभते, कारण तिथला उन्हाळा असा भाजून काढत नाही. दिल्लीत मात्र जूनमध्ये ८५ अंशांवरून येणारं ऊन काचेच्या छपरातून थेट आत उतरतं. काच उजेड आत सोडते, पण तापलेल्या फरशीतून आणि भिंतीतून निघणारी उष्णता तितक्या सहज बाहेर जाऊ देत नाही. तीन महिने त्या खोलीत पाय ठेववणार नाही, आणि दार उघडलं की ती सगळी धग घरात.

म्हणून छप्पर भरीव कर. दक्षिणेची भिंत काचेची कर. आणि काचेच्या वर बाहेर अडीच फुटांचा छज्जा काढ. हा अडीच फुटांचा आकडा हिशेबानं येतो. दक्षिणेकडं सरळ तोंड असलेल्या काचेवर असा छज्जा डिसेंबरच्या मध्यान्ही वरच्या फक्त दोन फुटांवर सावली टाकतो. काच सात फूट उंच असेल तर खालची पाच फूट उन्हात न्हाते, आणि ते ऊन खोलीत सहा फुटांहून थोडं अधिक आत येतं. म्हणजे सतरंजी टाकून बसायची जागा नेमकी तिथं. मार्चच्या समदिनी हाच छज्जा साडेचार फूट झाकतो. जूनमध्ये सगळी काच सावलीत जाते. एकदा बांधला की वीज नाही, बटण नाही, ऋतूप्रमाणे तो आपलं काम करत राहतो.

पूर्वेकडं थोडी काच चालेल, सकाळचं ऊन सोसवतं. पश्चिमेकडं नको. मे महिन्यात दुपारी तीन-चारला पश्चिमेचं ऊन खाली उतरून छज्ज्याखालून आत घुसतं, सोबत लू आणि धूळ असतेच. तिकडं वीटकामाची भिंत ठेव, हवं तर वर एक छोटा झरोका.

आणि पडदा लावायचा तर काचेच्या बाहेर. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे उष्णता आत आलीच. बाहेर बांबूची चिक टांग, उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा लाव आणि दुपारी त्यावर पाणी मार. कोरड्या मे महिन्यात वाळ्यातून येणारा वारा गार होतो. पाऊस सुरू झाला आणि हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो, तेव्हा उन्हात वाळवून गुंडाळून ठेवायचा.

तिसरा: पडवी बंद कर, चौक बंद करू नकोस

हे मी माझ्या चुकीतून सांगतोय. ऐंशीच्या दशकात आमच्या घराच्या मधल्या चौकावर लोखंडी जाल होता. दिल्लीच्या जुन्या घरांत असतो तसाच, वरच्या मजल्यावर चालता यावं आणि खाली उजेड पडावा म्हणून. थंडीत खाली गार येतं, पावसात चौक भिजतो, म्हणून मी त्या जालावर फायबरचे पत्रे ठोकून घेतले. नोकरीत इमारती तपासणारा माणूस मी, आणि घरात हा विचार केला नाही की तीन खोल्या आणि स्वयंपाकघर त्या एका चौकातून श्वास घेतात.

पहिल्या थंडीत सगळ्यांना बरं वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराची वाफ चौकातच कोंडली, भिंतींना ओल धरली, मधल्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागला. त्या खोलीत आई निजायची. तिचा खोकला वाढला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि विचारलं, खोलीत वारा येतो का? त्याच आठवड्यात मी पत्रे काढले. आईनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही. चौकात पुन्हा ऊन आलं तेव्हा तिनं सतरंजी टाकली आणि बसली. दिवसभर ऊन जसं सरकायचं तशी ती सतरंजी घेऊन सरकायची. उन्हाची खोली म्हणजे काय, ते मी तिच्याकडं बघून शिकलो.

आपल्या कोल्हापूरकडच्या जुन्या घरात सोपा वेगळा आणि चौक वेगळा, ते उगाच नव्हतं. सोप्यात माणसं बसतात, चौकातून घर श्वास घेतं. तू सोपा, म्हणजे तुझी पडवी, काचेनं बंद कर, चौकाला हात लावू नकोस. अगदीच झाकायचा झाला, तर छप्पर जालाच्या दीड-दोन फूट वर उचल आणि चारही बाजू मोकळ्या ठेव. जाळी लाव, पण पत्रा लावू नकोस. पाऊस अडेल, वारा जाईल.

पडवीतही एक गोष्ट तपास. एखाद्या निजायच्या खोलीची एकुलती एक खिडकी त्या पडवीत उघडत असेल, तर पडवी बंद केल्यावर त्या खोलीला बाहेरची हवा उरणार नाही. आधी तिला दुसरी खिडकी काढ, मग काचेचं बघ.

चौथा: खालून वारा, वरून धग

गरम हवा वर चढते. तिला वरून जायला वाट दे आणि खालून गार हवा यायला वाट दे, म्हणजे पंख्याशिवाय खोली हवा बदलते. काचेच्या भिंतीत खाली जमिनीलगत उघडणारे झरोके ठेव, आणि समोरच्या भिंतीत छताला लागून तेवढेच किंवा थोडे मोठे. दोन्हींना बारीक जाळी लाव, डासांसाठी आणि आंधीतल्या पाचोळ्यासाठी.

काचेची भिंत बंद चौकटीची नको, घडीची किंवा सरकत्या दारांची कर. एप्रिल ते सप्टेंबर ती पूर्ण उघडून पुन्हा पडवी करता आली पाहिजे. सरकत्या दारात निम्मी जागाच उघडते, घडीच्या दारात जवळजवळ सगळी. पैसे जास्त जातात, पण सहा महिने खोली वापरात राहते.

थंडीच्या रात्री काचेला आतून दव धरतं. माणसांच्या श्वासातली, ओल्या कपड्यांतली वाफ गार काचेवर येऊन पाणी होते आणि खालच्या पट्टीत साठते. त्या पट्टीला बाहेरच्या बाजूनं निचऱ्याची भोकं पाडायला सांग. मिस्त्री विसरतात. भोकं नसतील तर पाणी आत फरशीखाली मुरतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. त्या खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नकोस. दिल्लीच्या थंडीत अंगीठी पेटवून दारं लावून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, डोळे चुरचुरत नाहीत, झोपेतच माणूस जातो. काचेची खोली नीट बसवली की आणखी घट्ट बंद होते, म्हणजे धोका आणखी मोठा. गॅसचा गीझरही त्या खोलीत नको. घरात काम करणाऱ्या बाईंनाही हे समजावून सांग, आणि पाहुणे आले की पुन्हा सांग.

पाचवा: पाणी नेहमी सांध्यात शिरतं

नवं छप्पर आणि जुनी भिंत जिथं भेटतात, तिथंच गळती सुरू होते. मिस्त्री तिथं सिलिकॉनची रेघ ओढेल आणि म्हणेल, झालं. सिलिकॉन ही दुसरी फळी आहे, पहिली नाही. जुन्या भिंतीत इंचभर खोल आडवी खाच मारून घे, त्यात पत्र्याची पट्टी खोचून ती नव्या छपरावर मुडपून आण. वरून ओघळणारं पाणी पट्टीवरून छपरावर जाईल, सांध्यात नाही. नंतर सिलिकॉन.

छपराला फुटाला किमान एक इंच उतार दे. आठ फूट खोल पडवीला आठ इंच. पन्हळ रुंद ठेव आणि तिला दोन उतार-नळ्या दे. एक तुंबली तर दुसरी. आपल्याकडं मार्चमध्ये कडुलिंबाची पानं झडतात, आणि रिजवरच्या कीकरची बारीक पानं वाऱ्याबरोबर गच्चीवर येऊन बसतात. पाऊस जूनअखेर येतो. म्हणजे मधले तीन महिने पन्हळीत गाळ साठत राहतो. जूनच्या पहिल्या रविवारी पन्हळ साफ करायची, हे कॅलेंडरवर लिहून ठेव. तिथवर हात पोचेल अशी जागा बांधतानाच ठेव.

फरशीचा उतारही बाहेरच्या दिशेनं असू दे, आणि खोलीची फरशी अंगणापेक्षा निदान चार-सहा इंच वर. जमिनीखाली जुनी मोरी गेली असेल तर ती शोध. फरशी घालायच्या आधी खालच्या सगळ्या नळांचे, मोऱ्यांचे फोटो काढ, शेजारी मोजपट्टी धरून. दहा वर्षांनी नळ फुटला तर फरशी कुठं फोडायची ते त्या फोटोंवरून कळेल.

वर गच्ची असेल आणि तिला नवं वॉटरप्रूफिंग केलंस, तर नळ्या बंद करून दोन दिवस पाणी साठवून बघ. खाली उभं राहून छत निरख. मग वर कोबा घाल.

सहावा: जुन्या भिंतीला विचारून भार टाक

तुझ्या भागातल्या जुन्या घरांत छत बहुधा लाल दगडाच्या पट्ट्यांचं, लोखंडी गर्डरवर टेकवलेलं. दगडाची पट्टी वाकत नाही, तडकन मोडते. तिच्या मधोमध नवा खांब उभा करू नकोस, तिला हुक मारून छप्पर टांगू नकोस. भार न्यायचा तो खालपर्यंत गेलेल्या भिंतीवर किंवा स्वतःच्या पायावर उभ्या खांबांवर. गर्डर गंजून पापुद्रे सुटत असतील, तर काचेची खोली राहू दे आणि आधी छताचं काम कर.

भिंतीवर लाकडी हातोडीनं टकटक कर. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर गिलावा सुटलाय, तिथं खिळा किंवा बोल्ट धरणार नाही. भिंत चुना-सुरखीत बांधलेली असेल, तर तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवू नकोस. जुनी वीट जमिनीतली ओल शोषते आणि चुन्यातून ती बाहेर टाकते. सिमेंटनं तोंड बंद केलं की ओल वर चढते आणि भिंतीला लोणा लागतो. नव्या खोलीत ही भिंत आतल्या बाजूला येणार, म्हणून तर आधीच बघ. खालचे तीन-चार फूट चुन्याचाच गिलावा कर, वर चुन्याचीच सफेदी.

नवा सांगाडा आणि जुनं घर एकमेकांना घट्ट जखडू नकोस. जुन्या घराची जमीन बसून झालेली आहे, नव्या खांबांची अजून बसायची आहे. दिल्ली भूकंपाच्या चौथ्या विभागात मोडते. दोन्ही वेगवेगळे हलणार. मध्ये इंचभर फट ठेव, ती लवचीक भरावानं भर आणि वरून पत्र्याच्या पट्टीनं झाक. नाहीतर पहिल्याच वर्षी तिरपी भेग दिसेल.

संरचना अभियंत्याला एकदा घरी बोलाव. त्याची फी ही या कामातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे.

सातवा: काच निवडताना वजन आणि माकडं

काचेचं वजन डोक्यात ठेवायला सोपं आहे: एक मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच अडीच किलो भरते. तीन फूट रुंद, सात फूट उंच आणि आठ मिलिमीटर जाड दार जवळपास ४० किलोचं. बारा फुटांच्या पडवीला अशी चार दारं, वर चौकटी. कबजे, चाकं, रूळ याच हिशेबानं घे. छपराला बारा मिलिमीटर काच घातली तर बारा बाय आठ फुटांना पावणेतीनशे किलोच्या आसपास भार येतो. मध्ये फोम भरलेलं दोन इंची पॅनेल घातलं तर साधारण १०० किलो, आणि उष्णताही अडते.

माणसांच्या उंचीवर टफन्ड काच वापर. फुटली तर तिचे बारीक बोथट तुकडे होतात. पण ती भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, म्हणून मापं चौकटी बसल्यावरच द्यायची, आणि प्रत्येक खाना वेगळा मोजायचा. जुन्या घरात चारही कोपरे कधी काटकोनात नसतात. डोक्यावर कुठं काच आलीच तर ती लॅमिनेटेड हवी, फुटली तरी मधल्या पडद्याला चिकटून राहणारी.

रिजची माकडं तुला आता रोज भेटतील. पातळ पत्र्यावर ती उड्या मारतात, सुटं काही दिसलं की उपसतात. म्हणून छपराला आधार दोन-दोन फुटांवर दे, स्क्रू उघडे ठेवू नकोस, वर डिशची तार किंवा कुंडी ठेवू नकोस. मे महिन्याची आंधी छप्पर खाली दाबत नाही, खालून वर उचलते. पत्रा नुसता टेकवलेला नको, प्रत्येक खांबापर्यंत बोल्टनं बांधलेला हवा.

पॉलीकार्बोनेट वापरायचंच ठरलं तर दोन गोष्टी पाळ. ज्या बाजूला उन्हापासून संरक्षणाचा थर असतो ती बाजू वर यायला हवी, संरक्षक कागद काढायच्या आधी ती बघून घे. आणि स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाड. तीन मीटरचा पत्रा थंडी-उन्हाळ्याच्या ४० अंशांच्या फरकानं सुमारे आठ मिलिमीटर लांबतो. त्याला जागा दिली नाहीस तर तो फुगेल किंवा भोकापाशी चिरेल.

आठवा: कागद आधी, करवत नंतर

तुझं घर जिथं आहे तिथं दोन दारं ठोठावावी लागतील. एक महापालिकेचं. दिल्लीत २०१६ चे एकत्रित इमारत उपविधी लागू आहेत, आणि मोकळी जागा छपरानं झाकली की ती बांधकामात मोजली जाऊ शकते. परवानाधारक वास्तुविशारदाकडून आधीचा मंजूर नकाशा तपासून घे. मागच्या मालकानं काही वाढीव बांधलं असेल, तर त्याच्यावर तू आणखी चढवू नकोस.

दुसरं दार पुरातत्त्वाचं. रिजवर अशोकस्तंभ आहे. फिरोजशहा तुघलकानं तो मीरतहून आणला, पुढं स्फोटात त्याचे तुकडे झाले आणि १८६७ मध्ये तो पुन्हा उभारला. रुग्णालयाजवळ त्याच बादशहाच्या शिकारमहालाचा अवशेष, पीर गायब आहे. जुनी बावडी आहे, चौबुर्जी मशीद आहे. ही सगळी केंद्रानं संरक्षित केलेली स्मारकं. २०१० च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे की स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. आतल्या १०० मीटरमध्ये १६ जून १९९२ च्या आधीच्या घराची डागडुजीही अर्ज करून, परवानगी घेऊनच. अंतर मोजायचं ते स्मारकाच्या मध्यापासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून. पडवीला काचा लावणं डागडुजी ठरतं की बांधकाम, ते आपण ठरवायचं नाही, लेखी विचारायचं.

हे ओझं समजू नकोस. पीर गायबच्या छताला एक गोल भोक आहे, त्यातून आकाश न्याहाळत असावेत असा काही अभ्यासकांचा कयास आहे. साडेसहाशे वर्षं ते भोक तिथं राहिलं, कारण त्याच्या भोवती कुणी तरी मर्यादा पाळली. आपणही पाळू.

शेजाऱ्यांनाही काम सुरू व्हायच्या आधी सांग. तुझ्या छपराचं पाणी त्यांच्या भिंतीवर पडणार नाही आणि तुझ्या काचेची तिरीप त्यांच्या खिडकीत जाणार नाही, हे त्यांना जागेवर नेऊन दाखव.

नववा: कामाचा मुहूर्त

उन्हाच्या खोलीची आठवण सगळ्यांना दिवाळीनंतर येते, गार पडायला लागल्यावर. नेमकी तीच वेळ चुकीची. दिल्लीत २०१७ पासून प्रदूषणावरची टप्प्याटप्प्याची कृतियोजना आहे. हवा 'गंभीर' झाली की बांधकामं थांबवतात. नोव्हेंबरात भिंत फोडून ठेवलीस आणि काम थांबलं, तर अख्खी थंडी उघड्या घरात काढावी लागेल. होळी झाली की सुरू कर, मे संपायच्या आत आटप. मग आंधी येईल, पहिला पाऊस येईल, ती दोघं तुझं काम तपासतील.

म्हणून ठेकेदाराचा शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावरच द्यायचा, हे करारात लिहून घे. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. जो नाही म्हणतो, त्याच्याकडून काम करून घेऊ नकोस.

आणि त्या माणसांना दुपारी पाणी दे, सावलीत बसायला जागा दे, त्यांचं म्हणणं ऐक. पाणसळ हातात धरून तीस वर्षं काढलेला गवंडी भिंतीकडं बघून जे सांगतो, ते कधीकधी नकाशात नसतं.

शेवटचं

खोली झाली की ती सामानानं भरू नकोस. जुन्या गाद्या, सायकल, कुलरचा खोका, असं एक-एक येऊन बसतं आणि दोन वर्षांत ऊन येतं ते खोक्यांवर. फरशी मोकळी ठेव, गडद रंगाची दगडी घाल, म्हणजे थंडीतलं दुपारचं ऊन ती धरून ठेवेल आणि संध्याकाळी पायाला सोडेल. एक सतरंजी, एक आरामखुर्ची, तुझ्या सासूबाईंसाठी भिंतीला टेकून बसायचा पाट, एवढं पुरे. त्यांना विचार, ऊन अंगावर कुठवर हवं. डोळ्यांवर तिरीप नको असेल, गुडघ्यांवर मात्र हवं असेल. खोलीची खरी मापं तिथून मिळतात.

येती संक्रांत सोडू नकोस. त्या दिवशी मध्यान्ही सूर्य ४० अंशांच्या आसपास असतो, थंडीतल्या सगळ्यांत खालच्या उन्हाहून फारसा वर नाही. सव्वाबारा ते पाऊणपर्यंत पडवीत बस, काठी उभी कर आणि ऊन जिथवर येईल तिथं खडूनं रेघ मार. तिथं सासूबाईंना बसवून बघ. मग तिळगूळ घेऊन माझ्याकडं ये, सोबत त्या रेघेचं माप आण. पहिला नकाशा आपण दोघं मिळून काढू.